पडद्याच्या पलीकडचा हात

नागपूरच्या चार वर्षांत मी एकशे सत्तेचाळीस सिनेमे पाहिले. प्रत्येकाची नोंद एका वहीत आहे: तारीख, टॉकीज, मी कुठल्या रांगेत बसले होते, मध्यंतर कुठल्या प्रसंगावर झालं. वसतिगृहातल्या मुली हसायच्या, पण बेडकाच्या विच्छेदनाची प्रयोगवही मी जितकी नीट ठेवायची तितकीच ही. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पांढुर्ण्याला घरी परतले, तेव्हा पहिली जाणीव झाली ती ही, की वहीत आता एकशे अठ्ठेचाळिसावी ओळ लवकर पडायची नाही.

ते छप्पन साल होतं. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहणार होता. राजधानी नागपूरऐवजी भोपाळ. मी शिक्षिकेच्या जागेसाठी केलेला अर्ज या दोन्हींच्या मधल्या कुठल्या तरी कपाटात होता. मी घरी बसून होते.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी बाबा शाळेतून आले ते बातमी घेऊनच. सरकारी प्रचाराची मोटार येणार होती. पांढुर्ण्यात तीन संध्याकाळी आणि नंतर सौंसरला एक संध्याकाळ माहितीपट दाखवणार होते. बाबा, म्हणजे मोरेश्वर मास्तर, स्वागत समितीचे चिटणीस. त्यांनी फलकावर हट्टाने ‘माहितीपट महोत्सव’ असं लिहवून घेतलं होतं.

“बाबा, माहितीपट म्हणजे टॉकीजमध्ये खऱ्या सिनेमाच्या आधी दाखवतात ते,” मी म्हटलं. “तेवढ्यात लोक बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन येतात.”

“मग तू शेंगदाणे घरूनच ने,” बाबा म्हणाले.

कापूस बाजाराच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा मलमलीचा पडदा ताणला होता. कोजागिरी होऊन गेली होती, त्यामुळे चंद्र उशिरा उगवायचा; पडद्याला ते बरंच होतं. मोटारीजवळ फिल्म दाखवायचं मशीन, लांबवर जनरेटर, आणि पडद्याशेजारी पुरुषांकडे तोंड केलेला भोंगा. बायकांची जागा मागे होती. मागे म्हणजे पुरुषांच्या मागे नव्हे, पडद्याच्या मागे. आमच्याकडे फिरत्या सिनेमाच्या काळापासून हीच रीत होती. पातळ कापडातून उजेड आरपार येतो, चित्र दोन्हीकडून दिसतं, मग बायकांनी पुरुषांत कशाला बसायचं? खेळ सुरू व्हायच्या आधी बायका आपापल्या तांब्यातलं पाणी पडद्यावर शिंपडायच्या. ओल्या कापडातून जास्त उजेड येतो. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. मी कॉलेजात प्रकाशाचं प्रकरण शिकले, पण हे मला माहीत नव्हतं.

मी पहिल्यांदाच पडद्यामागे बसत होते. लहानपणी जाऊ दिलं नाही, आणि नागपुरात खुर्चीवर समोरून पाहिलं. शेजारी देवकामावशी येऊन बसल्या. त्यांचा संत्र्याचा बगीचा गावाला लागूनच. मी शाळेत होते तेव्हापासून त्या आमच्याकडे दूध घालत. पडद्यावर अक्षरं उमटली, सगळी उलटी.

“काय लिवलं वो नलू?” त्यांनी विचारलं.

मी उलटी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचून दाखवली. जरा गर्वानेच.

“बाप्पा! शिकलेली ते शिकलेली,” मावशी म्हणाल्या. “उलटंबी वाचते पोट्टी.”

मग एक बी दिसलं. मातीचा आडवा छेद, आणि त्यात वालाचं एकच बी. ते फुगलं. साल फाटली, पांढरं मूळ बाहेर आलं, डोकं हलवत जागा शोधल्यासारखं इकडे-तिकडे वळलं आणि खाली घुसलं. मग वाकलेला कोंब मातीला पाठीने ढकलू लागला. ढेकूळ उचललं गेलं. दोन पानं हात जोडल्यासारखी वर आली आणि उघडली. सगळं अर्ध्या मिनिटात. मी वनस्पतिशास्त्रात अंकुरणाच्या आकृत्या काढल्या होत्या, एक ते सहा क्रमांक घालून. त्या सहा आकृत्यांच्या मध्ये एवढी धडपड असते हे कुणीही सांगितलं नव्हतं. शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात तशीच होती.

“खोटं हाय का वो?” मावशींनी हळूच विचारलं.

“नाही, खरं आहे. दर तासाला एक फोटो घेतात, मग भराभर दाखवतात.”

त्यांनी बोटांनी पायाखालची माती उकरून पाहिली. मग म्हणाल्या, “म्हंजे आमच्या वावरात असंच होऊन राहिलं असन. आमाले दिसत नाई, येवढंच.”

घरी येऊन मी वही काढली. एकशे अठ्ठेचाळीस, असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. टॉकीजच्या रकान्यात ‘मैदान’ लिहून झोपले.

दुसऱ्या संध्याकाळी धरण होतं. पंजाबाकडचं, अजून बांधकाम चाललेलं. सुरुवातीला दोन डोंगर दिसले आणि त्यांच्यामध्ये मुंग्या. मग चित्र जवळ गेलं, आणि त्या मुंग्या माणसं होती. आमच्या बाजूच्या बायकांतून एक लांब श्वास ऐकू आला. लोखंडी दोरांना लटकलेली काँक्रीटची बादली आमच्या घराएवढी होती, आणि ती दरीवरून एखाद्या पाळण्यासारखी सरकत होती. निवेदन हिंदीत होतं, भोंगा तिकडे तोंड करून असल्यामुळे आम्हाला निम्मंच कळत होतं. पण पाहायला शब्द लागत नव्हते.

मग एक माणूस दिसला. काठावर उभा, डोक्यावर लोखंडी टोपी, दाढी वाढलेली. तो वर बघत होता. त्याने एक हात उंच केला. त्या हाताला तीनच बोटं होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. त्याने ती तीन बोटं फिरवली आणि वर ती घराएवढी बादली थांबली. बोटं खाली केली, बादली खाली आली. चार सेकंद, फार तर पाच.

देवकामावशींची बोटं माझ्या दंडात रुतली.

“कवडू,” त्या म्हणाल्या.

कवडू त्यांचा मुलगा. त्याच्या आधीची दोन बाळं गेली म्हणून हा झाल्यावर त्याला शेजारणीला एका कवडीला विकून पुन्हा घेतला होता, म्हणून कवडू. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तिथे यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी जिनवाल्याशी म्हणे काही तरी भांडण झालं आणि पहाटेच्या पॅसेंजरने तो निघून गेला. सहा वर्षं झाली होती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. गावात लोक आता त्याच्याबद्दल बोलताना ‘होता’ म्हणायचे. मावशींसमोर नाही, पण म्हणायचे.

मी त्याच वेळी पडद्यावर जे दिसलं ते मनात पुन्हा पाहिलं. मला तसं पाहता येतं. चार वर्षांची सवय. तो माणूस आमच्याकडे तोंड करून उभा होता. त्याचा हात माझ्या डावीकडे होता. म्हणजे त्याचा उजवा.

“मावशी,” मी म्हटलं, “कवडूदादाचा डावा हात ना? हा उजवा होता.”

दंडावरची पकड हळूहळू सैल झाली.

“हो,” त्या म्हणाल्या. “मलेबी तसंच दिसलं. उजवाच व्हता.” आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “तोंडवळा कसा मिळते नाई माणसाचा!”

मी हे इतकं सरळ लिहिते आहे, कारण ती चूक माझी होती आणि ती मी अचूकपणे केली.

तिसऱ्या संध्याकाळी शरीराची माहिती होती. छातीचं चित्र आलं, त्यात फुप्फुसं फुगत-मिटत होती, आणि मध्ये हृदय धडधडत होतं. त्या चित्रात रक्त चालताना दाखवलं होतं. चार कप्पे, झडपा उघडतात, मिटतात. मी पुन्हा भान विसरून पाहत होते. आणि मग मला खटकलं. हृदयाचं टोक चुकीच्या बाजूला होतं. ते त्या माणसाच्या उजवीकडे झुकलेलं होतं.

मी आधी मनात म्हटलं, चित्रकाराने चूक केली. मग आम्ही पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलो आहोत ते आठवलं.

तीन संध्याकाळी मी उलटी अक्षरं वाचत बसले होते. अक्षरं उलटी दिसतात हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, त्याचं कौतुकही करून घेतलं होतं. माणसंही उलटी दिसतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. अक्षर उलटं झालं की ओरडतं. माणूस उलटा झाला तरी माणसासारखाच दिसतो. त्याचा सदरा, त्याची टोपी, त्याचं हसणं सगळं जागच्या जागी असतं. फक्त डाव्याचं उजवं होतं, आणि ते सांगायला हृदय बाहेरून दिसत नाही.

म्हणजे तो हात डावा होता.

शेजारी देवकामावशी तोंडाला पदर लावून त्या धडधडणाऱ्या हृदयाकडे पाहत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. खात्री करायची होती. एका चुकीने त्यांच्याकडून मुलगा काढून घेतला होता, दुसऱ्या चुकीने परत द्यायचा नव्हता.

सकाळी मैदानावर गेले. नत्थूजी ऑपरेटर मोटारीत रिळांचे डबे भरत होते. नागपूरचे, पन्नाशीचे, तोंडात पान.

“नत्थूजी, धरणाची रीळ जरा उजेडात पाहू द्याल? माझ्याकडे भिंग आहे.”

“कोनत्या ठिकाणी पाहता बाई?” ते म्हणाले. “एका सेकंदाले चोवीस चित्रं. वीस मिनटाची रीळ. करा हिशोब.”

मी केला. अठ्ठावीस हजार आठशे.

“त्याच्यातले शंभर पाहाचे अन् बाकीच्यावर बोटाचे डाग पाडाचे,” ते म्हणाले. “नाई बाप्पा. अन् पाहून का करता? शनिवारी सौंसरले लावूनच राहिलो. तिथं पाहा. मंग मात्र गाठ नाई. एक तारखेनंतर आमचंच खातं फाटून राहिलं. मी मुंबईकडं, डबे भोपाळकडं, का डबे तिकडं अन् मी इकडं, कोनाले मालूम!”

दुसरा मार्ग होता. समोरून पाहिलेला माणूस. देवकामावशींचे यजमान रघुनाथराव तिन्ही संध्याकाळी पुढे, बाबांच्या शेजारी बसत. मी बगीच्यात गेले. फळांनी फांद्या वाकल्या होत्या, आणि ते त्यांना बांबूचे टेकू लावत होते.

“काकाजी, परवा धरणाच्या फिल्ममध्ये एक तीन बोटांचा माणूस होता. त्याने वर केला तो हात कोणता?”

ते दोर बांधत राहिले. गाठ झाली होती, तरी बांधत राहिले.

“मले का मालूम? डोया लागला व्हता माहा.”

“धरणाच्या वेळी? तेव्हा तर सगळं मैदान जागं होतं.”

“नलू,” ते म्हणाले, “तुले घरी काम नाई का वो?”

घरी येऊन बाबांना विचारलं. “झोपला?” बाबा म्हणाले. “अगं, धरण लागलं तसा तो ताठ बसला होता. मग मध्येच उठला आणि माणसं तुडवत गेला. मला वाटलं, बैल सुटले की काय.”

एवढं पुरावा म्हणून पुरेसं नव्हतं. पण मला पुरलं.

दुपारी मावशींना बोलावलं. जुन्या मलमलीचा तुकडा घेतला, परातीत हळद कालवली आणि त्यांचा डावा तळहात त्यात बुडवायला सांगितलं. करंगळी आणि शेजारचं बोट मुडपायला लावलं. त्यांनी कापडावर ठसा उमटवला. मी कापड खिडकीत उजेडाला धरलं.

“हा कोणता हात?”

“डावा. आताच नाई का लावला?”

“आता इकडे या. कापडाच्या मागून पाहा.”

त्या खिडकीच्या बाजूला आल्या. पाहिलं. पुन्हा पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. तीनदा. मग कापडाला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या.

“इकडून उजवा हाय,” त्या म्हणाल्या.

“आपण तिकडून पाहत होतो, मावशी. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला.”

मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला बोलतील. त्यांनी हळदीचा हात तसाच धरून मला विचारलं, “सौंसरले खेळ कधी हाय?”

शनिवारी आम्ही सर्व्हिस मोटारीने निघालो: बाबा, मी आणि मावशी. मोटार सुटायच्या वेळी रघुनाथराव आले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, “जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून घ्यावं म्हणलं.” जामसांवलीला मोटार अर्धा तास थांबली. मावशी देवळात जाऊन नारळ फोडून आल्या. काकाजी चिंचेखाली बसून राहिले. दर्शन घ्यायला आलेल्या माणसाने दर्शन घेतलं नाही, हे मी पाहिलं, मावशींनीही पाहिलं.

सौंसरला मैदान मोठं होतं, लोधीखेड्यापासूनची माणसं बैलगाड्यांनी आली होती. मी मावशींचा हात धरून सरळ मशीनकडे निघाले. एका स्वयंसेवकाने अडवलं.

“ओ बाई, बायांची जागा तिकडं. पडद्याच्या पल्याड.”

“आम्हाला इकडूनच पाहायचं आहे.”

“इकडं मानसं बसून राहिली, दिसत नाई का?”

“अन् आमी का जनावरं हावो?” मावशी म्हणाल्या.

दोघे-तिघे हसले. स्वयंसेवक आणखी काही बोलणार तेवढ्यात नत्थूजींनी पान थुंकून हाक मारली, “येऊ दे रे त्यायले! मशीनीच्या कामाच्या बाया हायेत त्या.” कुठल्या कामाच्या ते कुणी विचारलं नाही. मशीनशेजारी पोत्यावर आम्ही बसलो. बाबा पुढे सौंसरच्या हेडमास्तरांजवळ गेले. काकाजी मात्र बसले नाहीत, जनरेटरच्या बाजूला अंधारात उभे राहिले.

दिवा लागला. उजेडाचा झोत आमच्या डोक्यावरून गेला आणि पडदा पेटल्यासारखा झाला.

“बाप्पा, इकडून तं केवढा लखलखाट हाय!” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्सं तुमी हे पाहून राहिले, अन् आमी तिकडं पाणी शिंपून राहिलो?”

अक्षरं सुलट आली. मग दोन डोंगर. मुंग्या, माणसं, बादली. सगळं मला पाठ होतं आणि तरीही छाती भरून आली. आवाज इथे सगळा ऐकू येत होता, लोखंडाचा, पाण्याचा, शिट्ट्यांचा. मावशी मात्र काही पाहत नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या.

तो आला. टोपी, दाढी. त्याने हात वर केला, आमच्या उजवीकडचा. त्याचा डावा. तीन बोटं फिरली, आणि आकाशात ती बादली थांबली.

“डावा,” मावशी म्हणाल्या. एवढंच, भाव सांगावा तसं.

पुढच्या चित्रात दुसरंच काही होतं. त्या उठल्या. लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत जनरेटरकडे गेल्या. मी मागोमाग. जनरेटरच्या आवाजामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“तुमी पांढुर्ण्यात पुढं बसले व्हते.”

“हो,” काकाजी म्हणाले.

“ओळखलं व्हतं?”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“ओळखलं व्हतं का नाई?”

“ओळखलं.”

“मी घरी येऊन म्हणलं, कवडूसारखा व्हता पन उजवा हात व्हता. तवा तुमी जेवून राहिले व्हते. काई बोलले नाई.”

“का बोलू?” काकाजी म्हणाले. “तुले मालूम नाई तो काऊन गेला. मी म्हणलं व्हतं त्याले. अर्ध्या हाताचा माणूस, म्हणलं, वावरात काय कामाचा? कोणाची कास्तकारी करशीन? दुसऱ्या रोजी तो नव्हता. तुले मी सांगतलं, जिनवाल्याशी भांडला.” ते पडद्याकडे पाहत नव्हते, स्वतःच्या हातांकडे पाहत होते. “त्या रोजी पाहिलं. त्याच हातानं तो पहाडाएवढं लोखंड थांबवून राहिला. नुसते बोटं हालवून. मले बसवलंच नाई तिथं.”

मावशींनी पदर खोचला. मला वाटलं, आता सहा वर्षांचं सगळं बाहेर पडेल. मग त्यांनी काकाजींच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना ओढतच मशीनकडे आणलं.

“हे पुन्हा लावा,” त्या नत्थूजींना म्हणाल्या. धरणाची रीळ नुकतीच संपली होती.

“बाई, कार्यक्रमात एकदाच—”

“माहा पोरगा हाय त्याच्यात.”

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दुसरी रीळ खाली ठेवली आणि धरणाची गुंडाळायला घेतली. मशीनजवळच्या माणसांनी विचारलं काय झालं, आणि नत्थूजींनी सांगितलं. मग ते वाक्य मैदानात पसरलं. मी ते पसरताना पाहिलं: एक डोकं दुसऱ्याकडे वळे, दुसरं तिसऱ्याकडे, पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं जावीत तसं ते पडद्यापर्यंत गेलं आणि पडद्याच्या खालून पलीकडे गेलं. कुणी कुरकुरलं नाही. मघाचा स्वयंसेवक येऊन काकाजींना बसायला जागा करून देऊन गेला.

दुसऱ्यांदा डोंगर दिसले तेव्हा ते सातशे-आठशे लोकांचं मैदान इतकं शांत होतं की मशीनची टकटक ऐकू येत होती. सगळे त्या चार सेकंदांची वाट पाहत होते. मी एकशे सत्तेचाळीस सिनेमे पाहिले, पण असं कधी पाहिलं नव्हतं. नायक येणार म्हणून नव्हे, नाच-गाणं येणार म्हणून नव्हे, एका मजुराचा हात येणार म्हणून माणसं श्वास धरून बसली होती.

तो आला. तीन बोटं वर गेली. बादली थांबली.

“हाच का वो माय?” पडद्याच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“हाच!” मावशी उभ्या राहून ओरडल्या. “हाच माहा कवडू!”

पलीकडे गलका उठला. बायका एकमेकींना सांगत होत्या, कुणी रडत होती, कुणी टाळ्या वाजवत होती. त्यांना त्याचा उजवा हात दिसला असणार. आता त्याने काही बिघडत नव्हतं. काकाजी पोत्यावर बसून होते. त्यांनी यावेळी पडद्यावरून नजर काढली नाही, रीळ संपून पांढरा उजेड पडला तरीही.

खेळ आटोपल्यावर नत्थूजींनी डब्यावरची चिठ्ठी वाचली. त्यात धरणाचं नाव, जागा, आणि फिल्म तयार झाल्याचं साल होतं: चौपन्न. मला सांगणं भाग होतं. मी काकाजींना म्हटलं, “हे दोन वर्षांपूर्वीचं आहे. तो आता तिथे असेलच असं नाही.”

“तवा तं व्हता नं?” मावशी म्हणाल्या.

“तिथं नसन तं तिथून इचारत जाऊ,” काकाजी म्हणाले. “अशा हाताचा माणूस कोनाच्याई ध्यानात राहीन. तू मले जाग्याचं नाव लिहून दे. मोठं लिही. अन् हिंदीत लिही, तिकडं मराठी कोन वाचते?”

“अक्षरं तीच असतात, काकाजी.”

“तरी हिंदीत लिही.”

मी बाबांच्या डायरीतलं पान फाडलं आणि कंदिलाजवळ बसून ठळक अक्षरांत लिहिलं. खाली, सांगितलं नव्हतं तरी, कवडूचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा असं लिहिलं. राज्याच्या नावापाशी मी थांबले. ‘मध्य प्रदेश’ हेच आताही बरोबर होतं आणि पाच दिवसांनीही बरोबर राहणार होतं, फक्त ते दुसरंच मध्य प्रदेश असणार होतं. लिहिलं.

काकाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला, चार घड्या घातल्या आणि टोपीच्या आत ठेवला. सकाळची मोटार पांढुर्ण्याला दहाला पोचायची आणि इटारसीकडे जाणारी गाडी दुपारी होती. मधे बगीच्यात जायला वेळ होता, पण ते जाणार नव्हते. फळ उतरवायला आलं होतं, व्यापारी सोमवारी येणार होता.

“मास्तर,” ते बाबांना म्हणाले, “व्यापारी आला तं सांगजा, मालक पोराले आणाले गेला.”

“आणि तो म्हणाला, भाव पडेल, तर?”

काकाजींनी विचार केला. मावशींनी केला नाही.

“तं म्हणा, पडू दे,” त्या म्हणाल्या, आणि रस्त्याच्या भाकरीसाठी कुणाकडे पीठ मिळेल ते विचारायला मघाच्या त्या पलीकडच्या बायकांकडे निघाल्या.